ठेवींना विम्याचे कवच

केरळातील पलई सेंट्रल बँक १९६० साली बुडाली आणि ठेवीदारांची पुंजी अडकून पडली. त्यानंतर १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा योजना सुरू झाली. आरंभी संरक्षण अवघ्या १,५०० रुपयांचे होते. ४ फेब्रुवारी २०२० पासून ते ५ लाखांचे आहे. हप्ता भरावयाचा तो बँकेने, ठेवीदाराने नव्हे. मात्र या मर्यादेत मुद्दल व व्याज दोन्ही येतात आणि एकाच बँकेच्या निरनिराळ्या शाखांतील ठेवी एकत्र मोजल्या जातात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. रिझर्व्ह बँकेने ठेवी काढण्यावर निर्बंध घातल्यास, २०२१ च्या दुरुस्तीनुसार, विम्याची रक्कम सामान्यतः ९० दिवसांत मिळावयास हवी. नागरी सहकारी बँकांतील ठेवींनाही हे कवच लाभते. पासबुक व पावती तशीच दिसत असली, तरी सहकारी पतसंस्थांतील ठेवींना मात्र ते नाही.