जुन्या तबकड्यांचे मोल

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत ‘शालिमार’ची (१९७८) एलपी आणि मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या काही तबकड्या सापडल्या. मुंबईत अशा मालाला लाखांत भाव मिळतो, असे ऐकले आहे. त्या स्पिरिटने पुसून विकाव्यात काय?
– एक वाचक, वसमत (जि. हिंगोली)

उत्तर : तबकडी जुनी म्हणजे मौल्यवान, हा समज बरोबर नाही; मोल ठरते ते पहिल्या छपाईवर, कव्हरच्या स्थितीवर आणि खाचांच्या झिजेवर. राहुलदेव बर्मन यांचे ‘शालिमार’ संग्राहकांना आवडते, कारण त्यात जॅझ-फंक, म्हणजे जॅझच्या सुरावटींना बास गिटार व ड्रमचा ठसठशीत ठेका देणारी सत्तरच्या दशकातील शैली, ठळकपणे ऐकू येते. मुंबईत जन्मलेल्या गायिका आशा पुथली यांचा १९७६ चा ‘द डेव्हिल इज लूज’ हा अल्बम याच वाटेवरचा असून, दुर्दैवाने तो मराठी घरांत फारसा पोहोचला नाही.

स्पिरिट मात्र कटाक्षाने टाळावे : ७८ च्या बहुतेक तबकड्या लाखेच्या असून लाख स्पिरिटमध्ये विरघळते. मऊ, कोरड्या ब्रशने खाचांच्या दिशेने धूळ काढणे पुरेसे आहे. ७८ च्या रुंद खाचांसाठी सुईही निराळी लागते. हिंगोलीच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवलेली एलपी वाकते, म्हणून ती सावलीत, उभी ठेवावी. विकण्यापूर्वी लेबलाजवळच्या गुळगुळीत पट्टीवरील क्रमांक टिपून दोन-तीन जाणकारांकडून भाव विचारावा. घाई करण्याचे कारण नाही.