ध्येयचित्र

परीक्षेच्या निकालाचें चित्र डोळ्यांपुढें आणण्याची हौस विद्यार्थ्यांना फार असते. यादींत आपलें नांव पहिलें आहे, घरीं पेढे वाटले जात आहेत, पुढें डॉक्टर होऊन आपण रावेरच्या स्टेशनावर उतरत आहों, असें मन विनासायास पाहतें. वडील मंडळीही त्या चित्रांत आपापला रंग भरतात. ह्यांत दोष नाहीं. परंतु चित्र कशाचें पाहावें, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं.

नाशिकजवळ त्र्यंबकेश्वरीं १८७० मध्यें जन्मलेले धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके ह्यांचें उदाहरण घेऊं. १९११ च्या सुमारास मुंबईंत त्यांनीं ख्रिस्तचरित्रावरील एक मूक चित्रपट पाहिला. तो पाहत असतां त्यांच्या मनश्चक्षूंपुढें राम व कृष्ण ह्यांचीं चरित्रें उभीं राहिलीं, असें त्यांनीं पुढें लिहून ठेविलें आहे. त्या वेळीं त्यांचें वय चाळिशीचें, चालता धंदा सुटलेला, पदरीं संसार. मनांतील चित्र एका बैठकींत उमटलें. तें पडद्यावर यावयास सुमारें दोन वर्षें लागलीं. ह्या अवधींत चित्रपटांच्या अहोरात्र अभ्यासानें त्यांचे डोळे बिघडले व कांहीं काळ दृष्टि गेली. ती उपचारांनीं परत आली. मग विम्याची पॉलिसी तारण ठेवून कर्ज काढिलें आणि १९१२ च्या आरंभीं ते लंडनला जाऊन तंत्र शिकून आले.

कॅमेरा आला, पण भांडवल देणार कोण? चित्र फाळक्यांच्या डोळ्यांत होतें, सावकाराच्या नव्हे. तेव्हां त्यांनीं एका कुंडींत वाटाणे पेरिले, समोर कॅमेरा ठेविला आणि महिनाभराहून अधिक काळ त्याचीं चित्रें घेतलीं. तीं सर्व चित्रें एकापाठोपाठ पडद्यावर धांवलीं, तेव्हां मिनिटभरांत मातींतून अंकुर वर आला व त्याचें रोप झालें. पाहणारे चकित झाले आणि पैशाची वाट मोकळी झाली. रोज त्या कुंडीपुढें उभें राहणारास मात्र कालच्याहून आज निराळें असें कांहीं क्वचितच दिसलें असेल!

पुढें पत्नी सरस्वतीबाई ह्यांचे दागिनेही ह्या कामीं लागले. फितीच्या कडांना भोकें पाडण्याचें किचकट काम त्या शिकल्या, शिवाय साऱ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांच्याकडेच. (चरित्रकार ह्या बाईंना दोन ओळींत आटोपतात, हें मला पटत नाहीं.) ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कोरोनेशन थिएटरांत प्रदर्शित झाला.

अमेरिकेंत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग १९९९ मध्यें प्रसिद्ध झाला. परीक्षेपूर्वीं कांहीं दिवस एका गटानें उत्तम गुण मिळाल्याचें चित्र रोज मनांत आणिलें. दुसऱ्यानें आपण केव्हां, कोठें व कसे अभ्यासास बसलों आहों, हें पाहिलें. दुसऱ्या गटाचा अभ्यास लवकर सुरू झाला, धास्ती कमी झाली व गुणही अधिक पडले. पहिल्यानें उलट अभ्यासच कमी केला. यशाची गोडी मनानें आधींच चाखली, मग हातपाय कशाला हलतील?

आपल्या तालुक्यांतील केळीच्या बागाइतदारास हें कोणी शिकवावें लागत नाहीं. कंद लावल्यापासून घड कापणीस येईपर्यंत वर्ष-दीड वर्ष जातें. घड त्याच्या मनांत असतोच. पण सकाळीं बागेंत शिरतांना तो निसवणीचा नव्हे, आजच्या पाण्याचा विचार करितो.

पालकांनींही ‘पहिला येशील ना?’ ह्याऐवजीं ‘आज काय वाचलेंस?’ असें विचारून पाहावें.

विद्यार्थ्यांना एक छोटा प्रयोग सुचवितों. रावेरच्या उन्हांत वाटाणा टिकेल न टिकेल. म्हणून कुंडींत मूग पेरावा. एका वहीच्या उजव्या कोपऱ्यांत, रोज एका पानावर, त्याचें जसें दिसेल तसें चित्र काढावें व त्याच पानावर त्या दिवशीं केलेल्या अभ्यासाची एक ओळ लिहावी. तीन आठवडे वही उलटून पाहूं नये. मग अंगठ्यानें पानें भराभर सोडावीं.