समपृष्ठरज्जू प्राणी आणि ‘जाती’ या शब्दाचा अर्थ

नोव्हेंबर २०१९ मध्ये मिहान परिसरात वाघ वावरत असल्याचे आढळले. तो वाघ, तळ्यातला मासा, बेडूक, पाल, चिमणी आणि आपण स्वतः, हे सारे एकाच समपृष्ठरज्जू संघातील प्राणी होत. या संघाची लक्षणे चार : शरीराला आधार देणारा पृष्ठरज्जू, त्याच्या वरच्या बाजूचा पोकळ चेतारज्जू, घशातील कल्लविदरे आणि गुदद्वारामागील शेपूट. यांतील काही लक्षणे केवळ भ्रूणावस्थेत दिसतात. मानवी गर्भालाही काही आठवडे शेपूट असते. पुढे पृष्ठरज्जूची जागा पाठीचा कणा घेतो.

संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती आणि शेवटी जाती, अशा वर्गीकरणाच्या पायऱ्या आहेत. वाघ आणि बिबट्या यांची प्रजाती एक, जाती भिन्न. १७५८ साली लिनियसने मानवाला ‘होमो सेपियन्स’ हे नाव दिले; पृथ्वीवरील सर्व माणसांची जाती ही एकच.

‘सुत्तनिपाता’तील वासेट्ठ सुत्तात तथागतांनी हेच सांगितले आहे : गवत, कीटक, मासे, पक्षी यांच्यातील भेद जन्मजात खुणांवरून ओळखता येतात, माणसामाणसांत तशी खूण नाही.

दाखल्यावरील ‘जात’ ही इतिहासाने केलेल्या अन्यायाची नोंद आहे, शरीरशास्त्राची नव्हे. हा फरक प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असावा.