शिक्रापूरचा वैमानिक झोपणार कुठे?

वैमानिक व्हायचंय, असं सांगणारी मुलं-मुली शिरूर तालुक्यात आता नवलाची राहिलेली नाहीत. पुण्याच्या लोहगाव विमानतळावर उतरणारी विमानं वाघोलीच्या बाजूला खाली येताना ती लहानपणापासून बघतात, आणि बारामतीला विमान चालवायला शिकवतात हेही त्यांना ठाऊक असतं. माझ्या मार्गदर्शन वर्गाला पालक येतात तेव्हा त्यांचे तीन प्रश्न ठरलेले असतात: खर्च किती, कर्ज मिळेल का, नोकरी कधी लागेल. प्रश्न रास्तच आहेत. चौथा प्रश्न मात्र मला क्वचित ऐकू येतो, आणि माझ्या मते या नोकरीत घराचं सुख-दुःख त्याच्यावरच ठरतं. नोकरी लागल्यावर मूल राहणार कुठे?

आधी वाट थोडक्यात सांगतो. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित. मग डीजीसीए या विमान वाहतूक नियामकाच्या नियमाप्रमाणे वैद्यकीय तपासणी, आधी क्लास टू आणि नंतर क्लास वन. ही तपासणी प्रशिक्षणाची फी भरण्यापूर्वीच करून घ्या, कारण त्यात अडचण निघाली तर पुढचं सगळंच थांबतं. त्यानंतर नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, नियम आणि तांत्रिक विषयांचे पेपर, 200 तासांचं उड्डाण, व्यावसायिक परवाना आणि शेवटी एअरबस किंवा बोइंग अशा ठरावीक विमानाचं टाइप रेटिंग. सगळं मिळून खर्च 50 लाखांच्या पुढे जातो. त्यासाठी कुणी रस्त्याकडेची जमीन विकतं, कुणी राहतं घर तारण ठेवतं. एवढा मोठा निर्णय घेणाऱ्या घराला पुढचं चित्रही नीट दिसायला हवं, म्हणून हा लेख.

कंपनीत रुजू झालं की बेस मिळतो. बेस म्हणजे नेमून दिलेलं ठाणं. ड्युटी तिथून सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. नव्या फर्स्ट ऑफिसरला, म्हणजे सहवैमानिकाला, बेस निवडायला फारसा वाव नसतो. जिथे विमानं आणि माणसांची गरज, तिथे पाठवतात. ज्येष्ठता वाढली, जागा निघाली, की बदली मागता येते. तोवर मुंबई मिळेल, दिल्ली मिळेल, बेंगळुरू मिळेल. शिक्रापूरहून लोहगाव तीसेक किलोमीटरवर, म्हणून मुलगा पुण्यातूनच उडेल, असं धरून चालणाऱ्या पालकांना मी पहिल्याच भेटीत सांगतो की या गृहीतकावर कर्ज काढू नका.

बेस लांबचा मिळाला की घरात दोन मतं पडतात. एक मत असं की तिकडेच खोली घेऊन राहावं. दुसरं असं की घर इथेच ठेवावं, ड्युटीला जावं आणि सुट्टीला यावं. कंपनीच्या माणसांना विमानात रिकामी जागा असेल तर सवलतीत बसता येतं, मग अडचण काय? अडचण त्या ‘असेल तर’मध्ये आहे. गणपतीत, दिवाळीत, लग्नसराईत विमानं भरलेली असतात. आणि जागा मिळाली नाही म्हणून ड्युटीला उशीर झाला, ही सबब कुठेच चालत नाही.

आता हिशेब मांडून बघू. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे दोन ड्युट्यांच्या मध्ये किमान 12 तास विश्रांती द्यावी लागते. आधीची ड्युटी त्याहून लांबली असेल तर तेवढी विश्रांती मिळते. समजा, बेस मुंबई. रात्री 9 ला ड्युटी संपली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी 9 ला हजर व्हायचंय. कागदावर 12 तास आहेत. मुंबई विमानतळ ते शिक्रापूर साधारण 190 किलोमीटर, म्हणजे घाट, पुणे आणि नगर रस्ता धरून चार ते पाच तास. जाऊन-येऊन नऊ तास गेले. उरलेल्या तीन तासांत जेवण, अंघोळ, आईशी दोन शब्द आणि झोप! अंधेरीत किंवा पनवेलला भाड्याची खोली असेल तर त्याच 12 तासांत सात-आठ तास झोप सहज होते. कंपनीने कामासाठी विमानात बसवून दुसऱ्या गावी पाठवलं, तर तो वेळ ड्युटीत धरतात. आपल्या सोयीसाठी केलेला प्रवास कुणी धरत नाही. तो आपल्या झोपेतूनच वजा होतो.

विश्रांती ही किती गंभीर बाब आहे, हे नियमांकडे पाहिलं तरी कळतं. जुलै 2025 पासून आठवड्याची सलग विश्रांती 36 तासांवरून 48 तासांवर नेली. नोव्हेंबर 2025 मध्ये रात्रीच्या लँडिंगवर आणखी कडक मर्यादा आली. त्यानंतर डिसेंबरच्या सुरुवातीला इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, विमानतळांवर माणसं रात्रभर बसून राहिली, ते आपण टीव्हीवर पाहिलं. वैमानिकांच्या झोपेचे तास बदलले आणि त्याप्रमाणे माणसांची जुळणी झाली नाही, तेव्हा देशभराचं वेळापत्रक कोलमडलं.

अमेरिकेतली एक घटना मी प्रत्येक वर्गात सांगतो. 12 फेब्रुवारी 2009 च्या रात्री न्यूअर्कहून बफेलोला निघालेलं कोल्गन एअरचं विमान उतरण्याआधी एका घरावर कोसळलं. विमानातले 49 आणि जमिनीवरचा एक, अशी 50 माणसं गेली. फर्स्ट ऑफिसर 24 वर्षांची होती. ती देशाच्या दुसऱ्या टोकाला, सिएटलजवळ आई-वडिलांकडे राहायची, आणि आदल्या रात्रभर विमानात बसून न्यूअर्कला पोचली होती. कॅप्टनचं घर फ्लोरिडात. त्यानेही बेसवर खोली न घेता क्रू रूममध्येच रात्र काढली होती. विमानाची गती घटल्याचा इशारा मिळाल्यावर कॅप्टनने दिलेला चुकीचा प्रतिसाद, हे चौकशीत अपघाताचं मुख्य कारण ठरलं. थकव्याचा नेमका वाटा मोजता आला नाही, पण दोघंही थकलेले असावेत, असं अहवालात नोंदवलं गेलं. त्यानंतर अमेरिकेत विश्रांतीचे नियम बदलले, आणि घर ते बेस या प्रवासाचा स्वतंत्र अभ्यासही झाला. ती मुलगी निष्काळजी होती, असं मी कधीच म्हणत नाही. पगार थोडा आणि घर लांब, त्यातून तिने तिच्या परीने मार्ग काढला होता. असा मार्ग आपल्या मुलांना काढावा लागू नये, एवढीच माझी धडपड आहे.

हे सगळं आपल्या भागाला नवीन मात्र नाही. दौंडला जा आणि रेल्वे कॉलनीतल्या जुन्या माणसांशी बोला. दौंड जंक्शन म्हणजे इंजिन ड्रायव्हर आणि गार्ड यांचं ठाणं. त्यांची क्वार्टर्स स्टेशनाला लागून असत, ती उगाच नाही. गाडीची वेळ जवळ आली की कॉल बॉय वही घेऊन दाराशी यायचा, मग मध्यरात्रीचे दोन वाजलेले असोत की भर दुपार. ड्रायव्हरने सही केली की तो पुढच्या दाराला जायचा. पलीकडच्या टोकाला रनिंग रूम असायची, तिथे खाट आणि स्वयंपाकी. कॉल बॉयची जागा आता फोनने घेतली, पण ज्याला अवेळी उठून शेकडो जीव न्यायचे आहेत त्याचं घर कामाजवळ हवं, ही शहाणीव त्या बायका-मुलांच्या हाडीमासी मुरलेली आहे. दौंडच्या घरांत दिवसा झोपलेल्या माणसासाठी मुलं अंगणात आवाज न करता खेळायला शिकली. वैमानिकाच्या घराला नेमकं हेच शिकावं लागतं.

पुणे बेस मिळालेल्या एका मुलीच्या घरी मी गेलो होतो. शिक्रापुरातलंच घर. सकाळचे अकरा वाजलेले. दाराची बेल काढून ठेवलेली, आणि आतल्या खोलीच्या खिडकीवर आईने बाहेरून जुनी गोधडी टांगलेली. पोरगी पहाटे साडेचारला लँडिंग करून आली होती. आई ओसरीवर बसून शेंगा फोडत होती, आणि फाटक वाजलं की उठून, बोट ओठांवर ठेवून, येणाऱ्याला तिथूनच माघारी लावत होती. “पाहुणे रागावतात हो, पण काय करू? तिला संध्याकाळी परत जायचंय.” मला ती आई कुठल्याही प्रशिक्षणसंस्थेइतकीच महत्त्वाची वाटली. पण तिची ओढाताणही दिसत होती. जवळच्या मंगल कार्यालयात लग्न असलं की गोधडीचा काही उपयोग नसतो.

म्हणजे पुणे मिळालं तरी प्रश्न सुटला, असं नाही. रात्री दोनला शिक्रापूर ते लोहगाव मोटार पाऊण तासात पोचते. संध्याकाळी शिक्रापूरच्या चाकण चौकातून निघून सणसवाडी, कोरेगाव भीमा, लोणीकंद, वाघोली करत जायचं तर दीड-दोन तास हाताशी ठेवावे लागतात. पेरणे फाट्यावर 1 जानेवारीला विजयस्तंभाला अभिवादन करायला लाखो माणसं येतात, तेव्हा नगर रस्त्यावरची वाहतूक शिक्रापुरातून चाकणकडे वळवतात. अशा दिवशी ड्युटी असेल तर आदल्या दिवशीच पुण्यात मुक्कामाला जायला हवं. स्टँडबाय असेल तर आणखी अवघड. फोन आल्यावर कंपनीने ठरवलेल्या वेळात हजर व्हायचं असतं, आणि वाघोलीची कोंडी ते ऐकत नाही. कंपनीची गाडी न्यायला येत असली तरी ती ठरलेल्या हद्दीतच येते. शिक्रापूर त्या हद्दीत बसेल, अशी आशा धरू नका.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. पहिली चार-पाच वर्षं बेसजवळ राहा, दोघा-तिघांनी मिळून भाड्याच्या घरात. भाडं जड वाटेल, कारण कर्जाचा हप्ता सुरू असेल. तरी तो खर्च प्रशिक्षणाचाच भाग समजा आणि सुरुवातीच्या हिशेबातच धरा. तिथे फ्लॅट मात्र लगेच घेऊ नका, बेस बदलू शकतो. पुणे मिळालं तर खराडी किंवा विमाननगरला झोपायला एक खोली, आणि सलग सुट्टीला शिक्रापूरचं घर, ही जोडणी मला सगळ्यात बरी वाटते. शिक्रापूरला यायचं ते ड्युटी संपल्या रात्री नव्हे, झोप काढून दुसऱ्या दिवशी. नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्याने पुढे काहींना घाटाखालीच बेस मिळेल. पण घाट तो घाटच, रोज चढण्या-उतरण्याचा नव्हे.

लग्न झाल्यावर गणित बदलतं. जोडीदाराची नोकरी रांजणगावला किंवा चाकणला असेल, मूल इथल्या शाळेत असेल, सासू-सासरे शेतीवर असतील, तर सगळं बिऱ्हाड बेसला हलवणं सोपं नसतं. अशा वेळी काही घरं इथेच राहतात, वैमानिक ये-जा करतो, आणि ते नेटाने निभावतातही. निभतं ते एका पथ्यावर. ड्युटीच्या आदली रात्र बेसवरच झोपायचं, मग घरी वाढदिवस असो वा सत्यनारायण. हे सून-जावई ठरवताना उघडपणे बोला. “आमचा मुलगा पायलट” एवढंच सांगून थांबू नका. महिन्यातल्या किती रात्री तो घरी नसेल, तेही सांगा. मुलींच्या पालकांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: आपल्या देशात वैमानिकांमध्ये मुलींचं प्रमाण जगाच्या सरासरीपेक्षा बरंच जास्त आहे. त्यामुळे बेसवर मुलींनी मिळून घर घेणं ही आता नेहमीची गोष्ट झाली आहे. एकटी कशी राहील, या धास्तीने तिला रोज दोन तास रस्त्यावर ठेवू नका. पहाटे अडीचला नगर रस्त्याने एकटीने मोटार हाकण्यापेक्षा ती खोली कितीतरी सुरक्षित.

गेल्या वर्षी एका कांदा उत्पादक वडिलांना मी फी भरण्याआधी एक काम सांगितलं होतं. आपलीच गाडी काढा, एकदा रात्री दोनला आणि एकदा संध्याकाळी सहाला लोहगावला जा, आणि लागलेला वेळ लिहून आणा. ते मुलाला सोबत घेऊन गेले. आठवड्याने आले तेव्हा बाजार समितीच्या पावतीच्या मागे लिहिलेलं होतं: रात्री 44 मिनिटं, संध्याकाळी 1 तास 50. कागद माझ्यापुढे ठेवून त्यांनी विचारलं, “सर, खराडीत एका खोलीला भाडं काय पडतं?”