मुलांना आणि मुलांनी



मिशन रविवारी पवित्र मिस्सानंतर आपल्यातले एक गृहस्थ एक मोठे पोते घेऊन कार्यालयात आले. पोत्यात बारा कोरे फुटबॉल होते. “फादर, हे आफ्रिकेतल्या गरीब मुलांना पाठवा. बिचाऱ्यांना खेळायला चेंडूही नसतो,” ते म्हणाले. त्यांचा हेतू चांगला होता. मी आभार मानले, पोते कपाटावर ठेवले आणि मग कितीतरी दिवस त्याच्याकडे पाहत राहिलो. आफ्रिका हा एक देश नाही, तिथे पन्नासहून अधिक देश आहेत, हा भाग सोडून देऊ. मला सलत होते ते दुसरेच. ज्या वस्तीविषयी मी गेली काही वर्षे वाचत आलो आहे, तिथल्या मुलांना चेंडूची कमतरता कधीच नव्हती. प्लास्टिकच्या टाकाऊ पिशव्या एकात एक कोंबायच्या, वरून सुतळीने घट्ट आवळायच्या, की चेंडू तयार. त्यांना उणीव होती ती निराळ्या गोष्टीची. आजच्या पाठात त्याच वस्तीची ओळख करून घेऊ.

केनियाची राजधानी नैरोबी. शहराच्या मध्यभागापासून काही किलोमीटरवर मथारे नावाचे खोरे आहे. पूर्वी तिथे दगडाच्या खाणी होत्या. पुढे नदीच्या दोन्ही काठांवर पत्र्याच्या आणि मातीच्या खोल्या एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्या आणि तिथे लाखोंच्या संख्येने माणसे राहू लागली. सरकारच्या लेखी अशी वस्ती बेकायदा, त्यामुळे नळ, शौचालय, गटार, कचऱ्याची गाडी यांपैकी काहीही वेळेवर पोहोचत नाही. कचरा गटारात, गटार नदीत आणि पाऊस आला की नदी घरात. एप्रिल 2024 च्या पुरात मथारेतील घरे वाहून गेली, माणसेही दगावली.

या वस्तीत 1987 साली मथारे युथ स्पोर्ट्स असोसिएशन सुरू झाली. तिला सगळे ‘मायसा’ म्हणतात. बॉब मन्रो नावाचे एक कॅनेडियन गृहस्थ पर्यावरणाच्या कामासाठी नैरोबीत राहत होते. मथारेत मुलांना पिशव्यांच्या चेंडूने खेळताना त्यांनी पाहिले. खरा चेंडू आणि पंच मिळाला तर किती बरे होईल, असे मुलांना वाटत होते. मन्रो यांनी होकार दिला, पण एक अट घातली. तुम्ही काही केलेत तर मीही करीन, तुम्ही काही केले नाहीत तर मीही करणार नाही. मुलांनी काय करायचे, तर मैदान आणि आजूबाजूचा परिसर स्वच्छ करायचा.

प्रथम वाचले तेव्हा मला ही अट कठोर वाटली. ज्यांच्याजवळ काहीच नाही, त्यांच्याकडून आधी मागायचे? आपल्या मनातले दान असे नसते. दान निरपेक्ष असावे, असे आपण शिकतो आणि शिकवतो.

पण ही अट पुढे कशी वाढत गेली ते पाहा. मायसाने स्वतःच्या स्पर्धा भरवल्या. प्रत्येक विभागाचे संघ, वयाप्रमाणे गट, वेळापत्रक, गुणतक्ता, सगळे रीतसर. त्या गुणतक्त्यात सामना जिंकणाऱ्या संघाला 3 गुण मिळत. ठरलेली साफसफाई पूर्ण करणाऱ्या संघाला 6 गुण मिळत. फावडी, दाताळी आणि ढकलगाड्या घेऊन मुले आपापल्या गल्लीतली गटारे उपसू लागली. नीट विचार करा: आठवड्याभरात एका संघाने पाच गोलांनी सामना जिंकला पण गटाराकडे पाठ फिरवली आणि दुसरा संघ हरला पण त्याने गटार उपसले, तर तक्त्यात दुसरा संघ वर! हा काही वेगळा ‘समाजसेवा पुरस्कार’ नव्हता, जो वर्षाच्या शेवटी भाषणांच्या गर्दीत उरकला जातो. गोल आणि गटार एकाच तक्त्यात, एकाच बेरजेत. 1992 साली रिओ दी जानेरोच्या वसुंधरा परिषदेच्या वेळी संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाने मायसाला ‘ग्लोबल 500’ हा सन्मान दिला, तो फुटबॉलसाठी नव्हे, या गटारांसाठी.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचा एक विचार आमच्याकडून घोकून घेतला होता. माणूस न्यायाची कृत्ये करत करत न्यायी होतो, धैर्याची कृत्ये करत करत धीट होतो. सद्गुण प्रवचन ऐकून येत नाही, सरावाने येतो. परीक्षेत मी हे छान लिहिले होते. पण त्याचा अर्थ मथारेच्या गुणतक्त्याने मला जास्त नीट समजावला, कारण तिथे सरावाची सोय करून ठेवलेली आहे. मैदानावर पंचाशी बोलण्याचा अधिकार फक्त कर्णधाराला. लाल कार्ड मिळालेल्या खेळाडूला पुन्हा खेळण्याआधी लहान मुलांच्या सामन्यांत स्वतः पंच म्हणून उभे राहावे लागते. काल पंचावर ओरडणारा मुलगा आज शिट्टी घेऊन उन्हात धावतो आहे आणि दहा-अकरा वर्षांची पोरे त्याच्यावर ओरडत आहेत! याहून चांगला प्रायश्चित्तविधी मला तरी सुचला नसता. लाल आणि पिवळ्या कार्डाबरोबर त्यांनी एक हिरवे कार्डही काढले. सामन्यात सर्वांत खिलाडूपणाने वागणाऱ्याला ते दिले जाते. बहुतेक ठिकाणी पंचाच्या खिशात फक्त शिक्षा असतात. इथे कौतुकही असते.

आता आपल्या भाषेकडे वळतो. गरिबांसाठी केलेल्या कामाचे अहवाल आपण वाचतो, मीही लिहिले आहेत. ‘मुलांना वह्या दिल्या. मुलांना जेवण दिले. मुलांना मार्गदर्शन केले.’ प्रत्येक वाक्यात मूल चतुर्थी विभक्तीत उभे असते, हात पसरून. देणारा दुसराच कोणीतरी. मायसाचे काम सांगताना वाक्येच बदलावी लागतात. मुलांनी गटार उपसले. मुलांनी स्पर्धा भरवली. मुलांनी पंचाचे काम केले. ‘मुलांना’ आणि ‘मुलांनी’ यांत एका काना-वेलांटीचा फरक आहे. मला तरी सक्षमीकरण या जड शब्दाचा अर्थ एवढाच दिसतो. त्या वस्तीला उणीव होती ती चेंडूची नव्हे, या ‘मुलांनी’ची. तिथल्या मुलांकडून कोणी कसलीच अपेक्षा ठेवत नव्हते, म्हणजेच त्यांची कोणी गणतीही करत नव्हते.

संस्थेचा कारभारही बऱ्याच अंशी तरुणांच्याच हाती राहिला. विभागवार निवडून आलेले प्रतिनिधी, त्यांतले कित्येक शाळकरी वयाचे, सामन्यांचे आणि सफाईचे निर्णय घेत. प्रशिक्षण देणे, पंच होणे, सफाईचे नेतृत्व करणे, एड्सविषयी सोबत्यांना माहिती देणे या कामांचेही गुण मांडले जात आणि अधिक गुण मिळवणाऱ्यांची शाळेची फी संस्था भरत असे. रक्कम मुलाच्या हातात न देता थेट शाळेत. केनियात प्राथमिक शिक्षण जानेवारी 2003 मध्ये मोफत झाले, पण माध्यमिक शाळेची फी पुढेही गरीब घरांच्या छातीवर दगडासारखी होती. तेव्हा या फीचे मोल आपण समजू शकतो. याच मुलांनी रस्त्यावरून पकडून कोठडीत डांबलेल्या आपल्या वयाच्या मुलांना जेवण पोहोचवण्याचे कामही हाती घेतले. 1999 साली त्यांचा उपक्रम केनियाच्या वायव्येकडील काकुमा निर्वासित छावणीत गेला, जिथे सुदानच्या युद्धातून पळालेली मुले राहत होती. 2000 नंतरच्या दशकात मायसाच्या मैदानांवर 20,000 हून अधिक मुलेमुली खेळत होती.

मुलींचा उल्लेख ओघात आला, पण तो ओघात सोडून चालणार नाही. पहिली पाच वर्षे मायसा ही मुलग्यांचीच संस्था होती. मुलींचे संघ 1992 साली सुरू झाले आणि लगेच अडचण कळली. अडचण मैदानावर नव्हती, घरात होती. दुपारी पाणी कोण भरणार? उगाली कोण शिजवणार? धाकट्या भावंडाला कोण सांभाळणार? मुलगी उशिरा घरी आली तर लोक काय म्हणतील? (हे प्रश्न वाचताना काही मातांना ओळखीचे वाटतील.) पॉप्युलेशन कौन्सिलने 2002 साली या मुलींवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून दिसते ते असे, की मुलींना खेळायला बोलावणे पुरेसे नव्हते. आईवडिलांशी बोलावे लागले, सरावाच्या वेळा घरकाम पाहून ठरवाव्या लागल्या, अंधार पडायच्या आत मुली घरी पोहोचतील याची काळजी घ्यावी लागली. खेळात मुलगी पळते, ओरडते, धक्का देते, पडते आणि उठते. तिचे शरीर फक्त ओझी वाहण्यासाठी किंवा लपवून ठेवण्यासाठी नाही, हे तिला तिथे पहिल्यांदा कळते. प्रवचनात मी स्त्रीच्या प्रतिष्ठेविषयी बोलतो. पण तिला रोज एक मोकळा तास मिळावा म्हणून घरातली कामे कोणी वाटून घ्यायची, हा प्रश्न मी आजवर वेदीवरून विचारलेला नाही, हे कबूल करतो.

मोठ्या मुलांसाठी 1994 साली मथारे युनायटेड हा संघ उभा राहिला. त्याने केनियाचा राष्ट्रीय चषक 1998 आणि 2000 साली जिंकला. डेनिस ओलियेच याच संघातून पुढे गेला आणि फ्रान्समध्ये नांत व ऑसेर या संघांकडून खेळला. डिसेंबर 2007 च्या निवडणुकीनंतर केनियात जमातीजमातींत दंगली पेटल्या. मथारेत शेजाऱ्याने शेजाऱ्याचे घर जाळले. त्याच 2008 सालात मथारे युनायटेडने देशाची प्रीमियर लीग पहिल्यांदा जिंकली. फुटबॉलने दंगल थांबवली असे मी म्हणणार नाही, कारण ते खरे नाही. पण ज्या गल्ल्यांत माणसे आडनाव विचारून मारत होती, त्याच गल्ल्यांतून वेगवेगळ्या जमातींची मुले गेली वीस वर्षे एकाच संघात खेळत आली होती, एवढे खरे आहे.

इथे थोडे सावध व्हायला हवे. हजारो मुलांतून एखादाच ओलियेच होतो. बाकीच्यांना ‘तूही होशील’ असे सांगत राहणे ही फसवणूक आहे. लहान मुलांनी गटार उपसले म्हणून नगरपालिकेची जबाबदारी संपत नाही. उलट मुलांच्या कौतुकाआड ती लपू शकते. 2024 चा पूर काही मुलांच्या ढकलगाड्यांनी अडला नसता. आणखी एक गोष्ट, जी धर्मगुरूने तरी टाळू नये. जिथे मोठ्या माणसाच्या हाती संघात घेण्याची, बक्षिसाची, फीची सत्ता असते, तिथे मुलांचा गैरफायदा घेतला जाण्याचा धोका असतो. ख्रिस्तसभेने हा धडा फार दुःख भोगून शिकला आहे. मैदान कितीही पवित्र कार्यासाठी असो, मुलांच्या सुरक्षेचे नियम लेखी हवेत आणि तक्रार ऐकणारी व्यक्ती प्रशिक्षकाहून वेगळी हवी.

मग धर्माचा या सगळ्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा नववा अध्याय घरी काढून वाचा. शर्यतीत धावणारा आणि मुष्टियुद्ध करणारा यांची उदाहरणे तो देतो. करिंथजवळ दर दोन वर्षांनी मोठे खेळ भरत, तेव्हा वाचकांना ती लगेच कळली असणार. तूरिन शहरात संत जॉन बॉस्को कामकरी पोरांना रविवारी जमवत, तेव्हा मिस्सा, धर्मशिक्षण आणि खेळ हे एकाच दिवसाचे भाग असत. गोंगाटाच्या तक्रारींमुळे त्यांना जागा बदलत फिरावे लागले आणि 1846 साली पिनार्दी नावाच्या माणसाच्या शेडमध्ये आसरा मिळाला. त्यांच्याच संघाचे भारतीय मिशनरी 1980 च्या सुमारास पूर्व आफ्रिकेत गेले. वाडोविसे गावात गोलरक्षक म्हणून खेळलेला एक मुलगा पुढे पोप जॉन पॉल दुसरे झाला आणि 29 ऑक्टोबर 2000 रोजी त्यांनी रोमच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये खेळाडूंसाठी मिस्सा अर्पण केला. मायसा मात्र कोणत्याही चर्चची संस्था नाही. तरीही तिच्याकडून आपल्याला शिकता येते.

ते पोते अजून कपाटावरच आहे. देणाऱ्या गृहस्थांशी मी बोललो. नैरोबीपर्यंत बारा चेंडू पाठवण्याचा खर्च त्या चेंडूंच्या किमतीहून जास्त येतो, हे ऐकून ते हसले आणि म्हणाले, “मग फादर, तुम्हीच ठरवा.” मी ठरवणार नाही. पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर युवक-युवती आणि धर्मशिक्षणाच्या वर्गातली दहा वर्षांवरील मुले सभागृहात बसतील. चर्चमागच्या बांधकाम मजुरांच्या वस्तीतल्या मुलांनाही निरोप द्यायला मी सांगितले आहे. दोन प्रश्न घेऊन या: आपल्या गुणतक्त्यात गोलाशेजारी काय लिहायचे? आणि मुलींच्या सरावाची वेळ कोणती? मोठ्यांनी मागच्या बाकांवर बसावे आणि विचारल्याशिवाय बोलू नये. मीही मागेच बसेन.