शर्यतीतून निवृत्त झालेला श्वान

अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत बंध आणि अन्नपाननिरोध यांची गणना आहे. प्रस्तुत विषयाकडे आम्ही त्याच दृष्टीने पाहतो. १९२६ साली मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर यांत्रिक सशामागे ग्रेहाउंड धावू लागले आणि ब्रिटनमध्ये त्याचा मोठा धंदा झाला. हा श्वान चार-पाच वर्षांचा होताच शर्यतीतून बाद होतो. आयुष्य मात्र दहा-बारा वर्षांचे असते. खतावणीतून नाव कमी झाले म्हणून पोट थोडेच कमी होते? फ्लोरिडात २०१८ च्या मतदानाने या शर्यती बंद ठरल्या; मैदाने मिटली, तरी श्वानांना घरे शोधावीच लागली.

उपेक्षित श्वान आणल्यावर प्रथम पशुवैद्याकडून दात, कातडी व जुन्या दुखापती तपासाव्यात. उपाशी राहिलेल्यास एकदम पोटभर घालणे घातक. थोडे थोडे, अनेक वेळा द्यावे. अंगावर चरबी नसल्याने अंथरूण मऊ हवे, थंडीत झूलही हवी. सारा काळ कोंडवाड्यात गेल्याने त्याला जिना ठाऊक नसतो, काच हा अडथळा आहे हेही कळत नाही. एकेक पायरी शिकवावी लागते. मांजर दिसताच तो झेपावतो. यास क्रौर्य म्हणू नये. पाठलागाची उपजत वृत्तीच तालमीने तीव्र केलेली असते. म्हणून बाहेर नेताना मुसके घालावे व दोर सोडू नये. घरात मात्र हा वायुवेगी प्राणी दिवसाचा बहुतेक वेळ झोपूनच काढतो.