तुरुंगातून सुटल्यावर गोळी बंद करायची का?

प्रश्न : धाकटा भाऊ गर्दच्या व्यसनापायी तुरुंगात गेला. तिथे ब्युप्रेनॉर्फिन सुरू झालं. पुढच्या आठवड्यात तो सुटतोय. 'एक नशा सुटून दुसरी लागली,' असं घरचे म्हणतात. गोळी थांबवावी का?

उत्तर : अजिबात नको. जिभेखाली विरघळणारी ही गोळी तलफ, अंगदुखी, जुलाब आवरते. ठरल्या मात्रेत धुंदी आणत नाही. सुटकेनंतरचे पहिले २ आठवडे सर्वांत धोक्याचे. गोळी थांबली की शरीराची सहनशक्ती घटते. मग पूर्वीइतकाच गर्द ओढला, तरी श्वास बंद पडू शकतो. तुरुंगाच्या दवाखान्यातून मात्रा लिहिलेला कागद घ्या आणि लगेच सरकारी ओएसटी (अफूजन्य नशेवरील पर्यायी औषधोपचार) केंद्रात नाव नोंदवा. सोबत दारू, झोपेच्या गोळ्या नकोत. गोळी कधी कमी करायची, हे डॉक्टरच ठरवतील.